गणिताला कारखान्याचे दार उघडा

२०१७च्या ऑगस्टमध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीत निळी कुत्री हिंडताना दिसली आणि कासाडी नदीच्या प्रदूषणाची देशभर चर्चा झाली. चर्चा विरली, प्रश्न उरला. सोडलेले सांडपाणी भरती-ओहोटीत किती दूर आणि किती काळ पसरते, हे सांगण्याचे साधन म्हणजे विकलक समीकरणे. ती जाणणारे पीएच.डी.चे संशोधक विद्यापीठांत आहेत आणि मोजमापे कारखान्यांत. त्यांची गाठ कोणी घालायची?

ऑक्सफर्डमध्ये १९६८ साली उद्योजकांनी आपल्या अडचणी गणितज्ञांपुढे मांडण्याचा प्रघात पडला. मुंबई विद्यापीठात १९३३ साली रासायनिक तंत्रज्ञान विभाग उभा राहिला आणि त्याने उद्योगांशी घट्ट नाते जोडले. रसायनशास्त्राला जे साधले, ते गणिताला का साधू नये?

मात्र उद्योगांनी खरा प्रश्न आणि खरी आकडेवारी द्यावी, प्रबंध प्रसिद्ध करण्याचा हक्क आरंभीच लेखी मान्य करावा. तीन महिन्यांत नफ्याची अपेक्षा धरू नये. विद्यापीठांनीही अशा संशोधनाला दुय्यम लेखू नये. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त व्याज, धान्यराशी आणि खोदकामाचे हिशोब मांडले. गणिताची व्यवहाराशी फारकत ही आपली परंपरा नव्हे.