सर्पदंश : पहिली मात्रा जवळच्याच केंद्रात मिळावी

भातलावणीच्या दिवसांत एका पहाटे चौदा वर्षांची मुलगी आमच्या रुग्णालयात आली. रात्री जमिनीवर झोपलेली असताना तिला मण्यार चावला होता. मण्यारच्या दंशाची खूण अनेकदा दिसत नाही आणि वेदनाही होत नाही. पोटात दुखते म्हणून घरच्यांनी आधी ओवा दिला. पापण्या जड झाल्यावर तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. तिथे लस होती, तरीही ‘पुढे घेऊन जा’ अशी चिठ्ठी मिळाली. घाटरस्त्याने दोन तासांनी ती पोचली, तेव्हा तिचा श्वास थांबत आला होता. सहा दिवस व्हेंटिलेटरवर काढून ती वाचली. सगळेच वाचत नाहीत.

देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावल्याचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले बहुसंख्य खेड्यांतले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालणारी एकच लस आपल्याकडे बनते. तिची पावडर शीतपेटीशिवायही टिकते, म्हणून ती दुर्गम केंद्रातही ठेवता येते. मग ती कपाटातच का राहते?

खरे कारण भीती आहे. ही लस घोड्याच्या रक्तापासून तयार होते. काही रुग्णांना तिची रिअ‍ॅक्शन येते. अंगावर पुरळ उठते, क्वचित रक्तदाब कोसळतो. केंद्रात एकटा असलेला तरुण डॉक्टर या रिअ‍ॅक्शनला घाबरतो आणि रुग्ण तिथेच गेला तर नातेवाईक काय करतील, यालाही. पण रिअ‍ॅक्शनवर अ‍ॅड्रेनालिन हे स्वस्त आणि प्रभावी औषध आहे. ते सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवले की लस सुरू करता येते. उलट, मण्यारचे विष मज्जातंतूंच्या टोकांवर एकदा परिणाम करून बसले, की लस झालेले नुकसान भरून काढू शकत नाही. वाटेत गेलेले दोन तास परत मिळत नाहीत.

प्रत्येक दंशाला लस लागत नाही. विषबाधेची लक्षणे हवीत. घोणस-फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही. ते ओळखायला कोरडी काचेची परीक्षानळी आणि २० मिनिटे पुरतात. लक्षणे दिसली की साधारण १० कुप्या द्याव्यात, मुलांनाही तेवढ्याच. कारण साप वय पाहून विष कमी सोडत नाही. त्यानंतर व्हेंटिलेटर किंवा डायलिसिससाठी रुग्णाला खुशाल पुढे पाठवावे, पण फोन करून आणि सोबत अ‍ॅम्बू बॅग देऊन.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या कृती आराखड्याने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्मे करण्याचे लक्ष्य ठेवले आहे. ते कागदावर राहू नये, तर प्रत्येक केंद्रातील डॉक्टर व परिचारिकांना पावसाळ्याआधी प्रत्यक्ष सराव द्यायला हवा. रात्री सल्ल्यासाठी अनुभवी डॉक्टर फोनवर हवा. आणि नियमाने उपचार करूनही रुग्ण दगावला, तर प्रशासनाने त्या डॉक्टरच्या पाठीशी उभे राहावे.

गावकऱ्यांनी आवळपट्टी, चिरा, भगत आणि सापाचा शोध यांत वेळ घालवू नये. दंश झालेला अवयव हलू न देता १०८ ला फोन करावा. आणि ग्रामसभेत एवढे विचारावे : आपल्या केंद्रात लस आहे का, आणि रात्री दोन वाजता ती देणारा माणूस आहे का?