सूर्यप्रकाशाची मालकी कोणाची?

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर, आलिकांते प्रांतात, बेनिदोर्म नावाचे गाव आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते कोळ्यांचे व खलाशांचे साधे गाव होते. ट्यूना माशांसाठी समुद्रात जाळ्यांचा व्यूह रचण्यात तेथील कोळ्यांचा हातखंडा असे. आज तेथे टोलेजंग हॉटेलांची रांग उभी आहे. त्यांतील २००२ साली उघडलेले ग्रान हॉटेल बाली तर १८६ मीटर उंच आहे. प्रवासवर्णनकार तेथे जातात, निळे पाणी नि सोनेरी वाळू पाहतात आणि 'पर्यटनाने गावाचे सोने केले' असे लिहून मोकळे होतात. सोने झाले हे खरेच. परंतु ते कोणाच्या तिजोरीत गेले, हे विचारण्याची सवड त्यांना नसते.

या सोन्याचा इतिहास फ्रँकोच्या हुकूमशाहीत सुरू होतो. बेनिदोर्मचे तत्कालीन महापौर पेद्रो सारागोसा यांनी १९५६ साली गावाचा विकास आराखडा मंजूर करून घेतला. परदेशी स्त्रियांना समुद्रावर बिकिनी घालू देण्यास चर्चचा विरोध होता, तेव्हा हे गृहस्थ स्कूटरवरून माद्रिदला जाऊन खुद्द फ्रँकोची संमती घेऊन आले, असे सांगतात. ही गोष्ट उदारमतवादाचा दाखला म्हणून मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. पण त्याच राजवटीत स्वतंत्र कामगार संघटना स्थापणे गुन्हा होता नि संप करणे बेकायदा होते, याची आठवण कोणी देत नाही. पाहुण्यांना पोशाखाचे स्वातंत्र्य मिळाले. यजमानांना मात्र संघटनेचे मिळाले नाही. १९५९ च्या स्थिरीकरण योजनेत डॉलरचा दर ४२ पेसेतांवरून ६० पेसेतांवर नेण्यात आला आणि स्पॅनिश श्रम परकीयांसाठी एका रात्रीत स्वस्त झाले. 'पर्यटनाचा चमत्कार' म्हणून जो गाजला, त्याच्या मुळाशी सूर्यप्रकाशाइतकाच हा मुका नि स्वस्त श्रम होता.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे एक साधा प्रश्न उभा राहतो. सूर्य कोणी निर्माण केला नाही. समुद्रकिनारा तर स्पेनच्या १९७८ च्या राज्यघटनेनेच सार्वजनिक मालमत्ता ठरविला आहे. रस्ते, पाणी, विमानतळ या सोयी सार्वजनिक निर्णयातून नि सार्वजनिक खर्चातून उभ्या राहिल्या. या सर्वांमुळे किनाऱ्यालगतच्या जमिनीचे मोल अनेक पटींनी वाढले. मात्र ही वाढ जमीनमालकाच्या नि हॉटेलमालकाच्या पदरात पडली. सूर्यप्रकाशाला मालक नाही, परंतु त्याच्याकडे उघडणाऱ्या खिडकीला आहे. सगळा धंदा या खिडकीच्या भाड्याचा आहे.

आणि ती खिडकी पुसणारी बाई? स्पेनमधील हॉटेलांत खोल्या साफ करणाऱ्या स्त्रियांनी 'लास केलीज' नावाची संघटना उभारली आहे. 'त्या, ज्या साफसफाई करतात' या अर्थाच्या स्पॅनिश शब्दांवरून ते नाव बनले. २०१२ च्या कामगार कायद्यातील 'सुधारणे'ने संपूर्ण उद्योगासाठी झालेल्या करारापेक्षा एकेका कंपनीच्या कराराला अग्रक्रम दिला. हॉटेलांनी सफाई ठेकेदारांकडे सोपवावी नि ठेकेदारांनी वेतन कापावे, हा मार्ग त्यामुळे प्रशस्त झाला. वेतनापुरता तो अग्रक्रम २०२१ च्या अखेरीस रद्द झाला. बेलिआरिक बेटांत तर २०२२ च्या कायद्याने हॉटेलांना वरखाली करता येणाऱ्या खाटा सक्तीच्या केल्या, कारण गाद्या उचलून बायकांची कंबर मोडत होती. हे मालकांच्या औदार्याने घडले नाही. संघटनेच्या रेट्याने घडले.

'पर्यटन रोजगार देते' या घोषणेचा फोलपणा २०२० साली उघड झाला. २०१९ मध्ये स्पेनमध्ये ८ कोटी ३५ लाख परदेशी पाहुणे आले होते; महामारीच्या वर्षी ते दोन कोटींच्याही खाली गेले. एकाच पिकावर जगणाऱ्या शेतकऱ्याची जी गत दुष्काळात होते, तीच या किनाऱ्याची झाली. पुढे पाहुणे परतले, २०२४ मध्ये नऊ कोटींच्या वर गेले, आणि घरभाडी स्थानिकांच्या आवाक्याबाहेर गेली. त्याच वर्षी कॅनरी बेटांत, माजोर्कात नि बार्सिलोनात हजारो लोक रस्त्यावर उतरले.

येथे एक इशारा दिला पाहिजे. या संतापाचे लक्ष्य पर्यटक नव्हे. बेनिदोर्मला येणारा इंग्रज बहुधा कामगार वा कारकून असतो. फ्रान्समध्ये १९३६ साली पगारी रजेचा कायदा झाला, ब्रिटनमध्ये १९३८ साली. दोन्ही ठिकाणी त्यामागे कामगार चळवळीची दीर्घ झुंज होती. गिरणीतल्या माणसाला आठवडाभर ऊन मिळावे ही मागणी आपलीच आहे. त्याच्या गर्दीला नाके मुरडणारा अभिरुचिसंपन्न टीकाकार हा समाजवाद्यांचा मित्र नव्हे. एका देशातील कामगाराची विश्रांती दुसऱ्या देशातील कामगार स्त्रीच्या पाठीवर उभी केली जाते नि मधला नफा तिसराच घेतो, हा खरा आक्षेप आहे.

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला, आणि किनारपट्टी नियमनाचे निर्बंध २०१९ साली सैल करण्यात आले. कोकणात 'विकास' येतो आहे म्हणून आनंदणाऱ्यांनी बेनिदोर्मच्या हॉटेलांची उंची जरूर मोजावी. पण किनाऱ्याची जमीन कोणाच्या नावावर, कामगार कोणाच्या हजेरीपटावर नि गावच्या मुलाला घर कोणत्या भाड्याने, हे तीन प्रश्न पहिली वीट बसण्यापूर्वी ग्रामसभेत विचारावेत. इमारत उभी राहिल्यावर विचारलेल्या प्रश्नांना फक्त तिची सावली उत्तर देते.