जुना डबा टाकण्याआधी



विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ओळखीतल्या चार घरांतले संगणक वेर्टश्टॉफहोफच्या वाटेला लागले. आमचाही केलरमधला एक्सपीवाला डबा त्याच रांगेत होता. गाडीत ठेवता ठेवता आठवलं, अरे, यात बाबांची साठ पानं आहेत!

२००४ च्या हिवाळ्यात बाबा इथे आले होते. बाहेर बर्फ, टीव्हीवर सगळं जर्मन. मग बसून एका बोटाने त्यांनी आजोबांच्या आठवणी टाइप केल्या. प्रिंट कधी काढलीच नाही.

डबा सुरू झाला, पण हार्ड डिस्क कटकट वाजत होती. म्हणून पहिला नियम: इंटरनेटची वायर काढा आणि आधी फायली बाहेर घ्या, बाकी उद्योग नंतर. पेनड्राइव्हवरून फाइल लॅपटॉपवर उघडली तर मराठीच्या जागी नुसते उमलाउट आणि एस्सेट. बायको म्हणाली, "बाबांना इतकं जर्मन कधीपासून यायला लागलं?"

कारण सोपं आहे. त्या काळचे बरेच मराठी फॉन्ट युनिकोड नव्हते. रोमन आणि युरोपीय अक्षरांच्याच क्रमांकांवर मराठी आकार बसवलेले असत. फॉन्ट नसला की मुखवटा गळतो आणि मूळ अक्षरं दिसतात. तेव्हा फायलींबरोबर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधला तो फॉन्टही उचला. नव्या मशीनवर तो टाकला आणि पानं जशीच्या तशी उभी राहिली.

टाइप करायचा जुना प्रोग्रॅम मात्र चालला नाही. तो १६ बिटचा. ६४ बिट विंडोजवर असे प्रोग्रॅम चालतच नाहीत, आणि विंडोज ११ तर ३२ बिटमध्ये निघालंच नाही. कम्पॅटिबिलिटी मोडच्या खटपटीत माझी एक संध्याकाळ गेली, तुमची घालवू नका. अगदीच हवा असेल तर व्हर्च्युअल मशीनमध्ये ३२ बिट एक्सपी बसवा.

आता लगेच फॉन्टसकट पीडीएफ करून ठेवा, म्हणजे निदान वाचता तरी येईल. मग कन्व्हर्टरने युनिकोड करा, पण त्यावर डोळे झाकून विश्वास नको. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं नेमकं उलटं. नुसती अदलाबदल केली की 'सर्व'चं 'सवर्' होतं.

आणि हे कुठलाही स्पेलचेकर पूर्ण पकडत नाही. गावातली नावं, शेतांची नावं, आजीच्या बोलण्यातले शब्द बरोबर आहेत की नाहीत हे सांगणारा माणूस एकच. म्हणून रोज संध्याकाळी बाबांना फोन लावतो, तीन पानं वाचतो. ते आता ८६ वर्षांचे आहेत, डोळ्यांनी वाचवत नाही, पण कान शाबूत. काल मध्येच थांबवून म्हणाले, "रफार खाल्लास रे! आणि हा किस्सा मी अर्धाच लिहिलाय, पुढचं घे लिहून."

घेतलं. साठाची एकसष्ट पानं झाली.

तर मंडळी, डबा टाकण्याआधी एकदा उघडून बघा. आणि ज्यांनी टाइप केलंय त्यांना फोन करा.