डोक्यात चिप बसवली की लकवा जातो? आधी हे वाचा

'मेंदूत चिप बसवली की लकवा गेलेला माणूस चालतो', असे व्हिडिओ मोबाईलवर फिरतात आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी आशा लागते. नेमकं घडलं काय, ते बघू.

नोलंड अरबॉ या अमेरिकन तरुणाला २०१६ मध्ये पोहताना अपघात झाला आणि त्याचं खांद्याखालचं शरीर लुळं पडलं. जानेवारी २०२४ मध्ये न्यूरालिंक कंपनीने त्याच्या मेंदूत चिप बसवली. तो हात हलवायचा विचार करतो, चिप ते संकेत टिपते आणि कॉम्प्युटरवरचा बाण सरकतो. असं तो बुद्धिबळही खेळला. पण हातपाय हलले नाहीत. काही आठवड्यांतच चिपच्या बऱ्याच तारा मेंदूतून मागे सरकल्या, मग सॉफ्टवेअर बदलून काम सावरावं लागलं.

म्हणजे ही चिप लकवा बरा करत नाही. ज्याला बोटही हलवता येत नाही, त्याला मोबाईल-कॉम्प्युटर स्वतः चालवता यावा, एवढंच तिचं काम. तेही कमी नाही, पण अजून चाचणीच सुरू आहे. त्यामुळे 'चिप बसवून देतो' म्हणून कुणी पैसे मागितले, तर एक रुपयाही देऊ नका.

आणि घरात कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं, हात लुळा पडला, तर थांबू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. लगेच १०८ ला फोन करा.