आधी घरी पोचण्याची वेळ, मग शाळेचा आकडा

न्यू जर्सीत घर शोधणाऱ्या मराठी जोडप्याच्या एक्सेल शीटमध्ये पहिला रकाना कशाचा असेल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. शाळेचं रेटिंग. दहापैकी नऊ की आठ, यावर गाव ठरतं. गाव ठरलं की बजेटात बसेल ते घर. आणि घर पसंत पडल्यावर दोघांपैकी कुणीतरी विचारतं, ‘तुझं ऑफिस इथून किती लांब पडेल रे?’ तोवर ऑफर मंजूर होऊन कागद वकिलाकडे गेलेले असतात. उत्तर काहीही येवो, ‘होईल सवय’ म्हणून विषय मिटतो.

हा क्रम उलटा करायला हवा. आधी दोघांच्याही येण्याजाण्याला किती वेळ द्यायचा ते ठरवावं, त्या वेळेत बसणारी गावं काढावीत, आणि मग त्या गावांतल्या शाळा पाहाव्यात. यात मुलांच्या शिक्षणाची हेळसांड होईल, अशी शंका लगेच येईल. माझं म्हणणं असं की, मुलांच्या शिक्षणाच्या दृष्टीनेच हा क्रम अधिक फायद्याचा आहे.

पहिल्यांदा त्या रेटिंगकडे बघू. झिलोवर घराच्या फोटोंखाली शाळांचे जे गुण दिसतात, ते ग्रेटस्कूल्स ही संस्था देते, आणि त्यांत परीक्षांच्या निकालांचा वाटा मोठा असतो. चांगला निकाल म्हणजे शाळेची कर्तबगारी, असं आपण धरून चालतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या स्कूल डिस्ट्रिक्टांचे निकाल एकत्र करून तपासले, तेव्हा वेगळं चित्र दिसलं. सरासरी गुण पालकांच्या उत्पन्नाच्या आणि शिक्षणाच्या मागोमाग चालतात. मुलं दरवर्षी किती पुढे सरकतात, याचा मात्र गावाच्या श्रीमंतीशी फार कमी संबंध असतो. त्यांनी दिलेलं शिकागोचं उदाहरण बरंच गाजलं. तिथल्या सरकारी शाळांतली मुलं तिसरीत देशाच्या सरासरीच्या खाली होती, पण आठवीपर्यंतच्या पाच वर्षांत त्यांची प्रगती सहा वर्षांइतकी झाली. रेटिंग बघून घर घेणाऱ्याने त्या शाळांकडे ढुंकूनही पाहिलं नसतं.

ज्या गावात घरटी दोन पदवीधर आहेत, तिथे निकाल चांगलाच लागणार. म्हणजे नऊ किंवा दहा रेटिंगसाठी आपण जे जादा पैसे मोजतो, ते बऱ्याच अंशी आपल्यासारख्याच पालकांच्या शेजारासाठी मोजतो. पण मूल सात रेटिंगच्या शाळेत गेलं, तरी त्याचे आईबाप आपणच असतो. ती पुंजी मुलाबरोबर कुठल्याही गावात जाते.

एडिसनचंच उदाहरण घ्या. एकाच स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये दोन हायस्कूलं आहेत, उत्तरेला जे. पी. स्टीव्हन्स आणि दक्षिणेला एडिसन हाय. बोर्ड एकच, सुपरिंटेंडंट एकच, शिक्षकांचा करारही एकच. तरी ‘स्टीव्हन्सच्या हद्दीत’ एवढे शब्द जाहिरातीत आले की घराची किंमत चढते. शिवाय या हद्दी दगडावर कोरलेल्या नसतात. मुलांची संख्या वाढली की बोर्ड त्या पुन्हा आखू शकतं. आणि मिडलसेक्ससारख्या काउंटीच्या ज्या निवडक अकॅडमी आहेत, त्यांचे प्रवेश काउंटीभरातल्या मुलांना खुले असतात. तिथे अमुक हायस्कूलची हद्द विचारत नाहीत.

सगळ्यात वरच्या शाळेत मुलांना घालण्याचे तोटेही आहेत, आणि ते आपल्या अंगणातलेच आहेत. 2015 साली वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोचे सुपरिंटेंडंट डेव्हिड ॲडरहोल्ड यांनी पालकांना 16 पानी पत्र लिहिलं. आदल्या शैक्षणिक वर्षात मिडल स्कूल आणि हायस्कूलच्या 120 मुलांना मानसिक आरोग्याच्या तपासणीसाठी पाठवावं लागलं होतं आणि 40 मुलांना इस्पितळात दाखल करावं लागलं होतं. हायस्कूलच्या सहामाही आणि अंतिम परीक्षा रद्द झाल्या, गृहपाठ नसलेल्या रात्री ठरवल्या गेल्या. त्यावर पालकांत जी दुफळी माजली ती वर्तमानपत्रांत गाजली, आणि ‘मुलांना ढिलं सोडू नका’ म्हणणाऱ्या बाजूला आपल्यासारखे आशियाई पालक बरेच होते. कॉलेज प्रवेशाचा हिशेबही आपण समजतो तितका सरळ नाही. प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ थॉमस एस्पनशेड आणि सहकाऱ्यांनी 2005 साली दाखवलं की, इतर सगळं सारखं असताना हुशार मुलांची गर्दी असलेल्या शाळेतल्या अर्जदाराची निवडक विद्यापीठांत शिरण्याची शक्यता उलट थोडी घटते.

आता दुसरा रकाना, प्रवासाचा, जो आपण शेवटी भरतो.

संध्याकाळी साडेपाचला न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनात उभं राहून बघा. शेकडो माणसं माना वर करून बोर्डाकडे टक लावून उभी असतात, कारण ट्रेंटनची गाडी कुठल्या ट्रॅकवर लागणार हे सुटायच्या काही मिनिटं आधीच कळतं. आकडा झळकला की सगळी एकाच अरुंद जिन्याकडे धावतात. जागा मिळाली तर ठीक, नाहीतर न्यूअर्कपर्यंत, कधी त्याच्याही पुढे, दारात उभं. त्यात गाडी नदीखालच्या बोगद्यात थांबली की फोनला रेंज नाही. इकडे आफ्टरकेअर सहाला बंद होतं आणि पुढच्या प्रत्येक मिनिटाला दंड लागतो. रेंज आली की शेजारणीला पहिला मेसेज: ‘आज जरा घेशील का गं याला?’ पहिल्यांदा ती हसून हो म्हणते. महिन्यात चौथ्यांदा विचारताना आपलीच जीभ अडखळते.

गाड्यांना उशीर होतो तो काही नशिबाचा भाग नाही. हडसनखालून जाणारे दोन एकेरी बोगदे 1910 चे आहेत. 2012 च्या सँडी वादळात त्यांत खारं पाणी शिरलं आणि आतल्या तारा-काँक्रीटला लागलेला तो रोग अजून गेलेला नाही. हॅकेन्सॅक नदीवरचा पोर्टल ब्रिजही 1910 चाच. बोटीसाठी फिरवून उघडलेला तो पूल पुन्हा नीट बसला नाही की सगळी लाइन खोळंबायची. त्याच्याशेजारी नवा पूल उभा राहिला, पण त्या पलीकडचे बोगदे तेच आहेत. मे 2025 मध्ये इंजिनचालकांचा संप झाला, तेव्हा राज्यभर न्यू जर्सी ट्रान्झिटच्या गाड्याच धावल्या नाहीत. जुलै 2024 मध्ये भाडं 15 टक्क्यांनी वाढलं आणि त्यानंतर दर जुलैला 3 टक्के वाढ ठरलेली आहे. घर बघायला आपण रविवारी दुपारी जातो, रूट वन मोकळा असतो, आणि टाइमटेबलातली मिनिटं आपण खरी मानतो. ती मिनिटं सगळं सुरळीत चाललं तरची आहेत.

साधं गणित करू. प्रिन्स्टन जंक्शनहून मॅनहॅटनच्या ऑफिसात दारापासून दारापर्यंत पावणेदोन तास धरा: गाडी चालवणं, पार्किंग, तासाभराहून जास्त ट्रेन, पुढे पायी किंवा सबवे. मेट्रोपार्क स्टेशनाजवळून हाच प्रवास सव्वा तासात होतो. एका फेरीत अर्धा तास वाचला, म्हणजे दिवसाला एक तास. आठवड्यातून तीनच दिवस ऑफिस असलं आणि वर्षातले 46 आठवडे धरले, तरी 138 तास होतात. आठ तासांचा एक, असे सतरा पूर्ण दिवस. पाच दिवस जाणाऱ्याचे अठ्ठावीसच्या पुढे. मूल पहिलीतून बारावीत जाईपर्यंत हा आकडा कुठे जाईल ते ज्याने त्याने काढावं. हे तास कुठून येतात? झोपेतून आणि मुलांच्या संध्याकाळच्या वेळेतून. गणिताचं पान समजावून सांगायला, रात्री गोष्ट वाचायला, मराठीत दोन वाक्यं बोलायला जो वेळ लागतो, तोच खर्ची पडतो. चांगल्या शाळेसाठी म्हणून आपण लांब जातो आणि घरच्या शाळेचे तास कापतो.

‘होईल सवय’ यालाही फारसा आधार नाही. 2004 साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या नऊशेहून अधिक नोकरदार स्त्रियांना आदला दिवस प्रसंगवार मांडायला सांगितला. कशात किती बरं वाटलं, या यादीत सकाळी कामावर जाण्याचा प्रवास अगदी तळाला होता. ब्रुनो फ्राय आणि अलॉईस स्टुट्झर या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतली माहिती तपासली. लांबचा प्रवास करणारी माणसं मोठ्या घराने किंवा जास्त पगाराने त्याची भरपाई होईल असं समजतात, पण त्यांचं समाधान सातत्याने कमीच भरतं, असं त्यांना आढळलं. राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पटनम यांचा निष्कर्ष तर मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यकारिणीने भिंतीवर लावावा असा आहे: प्रवासाची दर दहा मिनिटं वाढली की सामाजिक कामातला सहभाग सुमारे दहा टक्क्यांनी घटतो. गणपतीच्या नाटकाच्या तालमीला आठवड्याच्या मधल्या दिवशी माणसं का जमत नाहीत, मराठी शाळेला शिक्षक का मिळत नाहीत, याचं एक कारण आपल्या घरांच्या पत्त्यांत आहे.

यावर नेहमी तीन आक्षेप येतात. पहिला: ‘आता घरूनच तर काम करतो.’ 2021 च्या जानेवारीत मॉर्गेजचे दर 2.65 टक्क्यांपर्यंत उतरले होते आणि ऑफिसं बंद होती. तेव्हा या हिशेबाने लांबची घरं घेणारे कमी नव्हते. ऑक्टोबर 2023 मध्ये तेच दर पावणेआठ टक्क्यांच्या घरात गेले आणि ऑफिसांनी पुन्हा हाक मारली. जानेवारी 2025 पासून ॲमेझॉनने पाचही दिवस बोलावलं. स्वस्तातलं कर्ज सोडवत नाही आणि प्रवास झेपत नाही, अशी कोंडी झाली. घरून काम ही कंपनीची मर्जी आहे, तीस वर्षांचं कर्ज तिच्या भरवशावर काढू नये. एच-वन-बी व्हिसावर असलेल्यांची नोकरी गेली तर दुसरी शोधायला 60 दिवस मिळतात. अशा वेळी घराच्या टप्प्यात दहा कंपन्या असणं आणि दोनच असणं यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

दुसरा आक्षेप पैशाचा. स्टेशनाजवळ घरं महाग, हे खरंच आहे. मग घर लहान घ्यावं, टाउनहाउस घ्यावं, किंवा सरळ भाड्याने राहावं. शाळेला तुम्ही मालक की भाडेकरू याच्याशी देणंघेणं नसतं. प्लेन्सबरोच्या अपार्टमेंटांतली मुलं त्याच डिस्ट्रिक्टमध्ये शिकतात, जिथे लाखो डॉलरच्या घरांतली शिकतात. शिवाय मोठ्या घराचा प्रॉपर्टी टॅक्स असतोच. राज्यातलं सरासरी बिल 2024 मध्ये दहा हजार डॉलरच्या वर गेलं आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग शाळांसाठीच जातो.

तिसरा आक्षेप भावनेचा: ‘आमचे बाबा नाही का डोंबिवलीहून फोर्टला जायचे?’ जायचे, कारण दादरला घर परवडत नव्हतं. आणि आपण शाळेतून आलो की दार उघडायला आजी असायची, नाहीतर शेजारच्या काकूंकडे किल्ली असायची. इथे आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी येतात, आणि गाव चालण्याजोगं नसेल तर तेच तुमची वाट बघत खिडकीशी बसतात. ओक ट्री रोड, लायब्ररी, देऊळ यांतलं काहीतरी पायी गाठता येणं हा त्यांच्यासाठी घराचा पहिला गुण असतो.

अपवाद आहेत. मुलाला विशेष मदतीची गरज असेल, तर ती सेवा कुठला डिस्ट्रिक्ट नीट देतो हेच आधी बघायला हवं, मग प्रवास कितीही होवो. शाळेत सुरक्षिततेचा प्रश्न असेल किंवा मुलं वर्षानुवर्षं मागेच पडत असतील, तर ती यादीतून काढावीच. पण आपल्यापैकी बहुतेकांसमोर अशी निवड नसते. आपण आठ आणि नऊ यांच्यात घासाघीस करत असतो.

तेव्हा व्यवहाराचं सांगतो. दोघांपैकी ज्याचा प्रवास लांबचा, त्याची मर्यादा आधी ठरवा. माझ्या मते दारापासून दारापर्यंत तासाभराच्या आसपास. मंगळवारी किंवा बुधवारी, ऐन गर्दीच्या वेळी, ती वाट जाऊन-येऊन बघा. पार्किंग परमिटची प्रतीक्षायादी किती लांब आहे ते विचारा. त्या टप्प्यातल्या शाळांचे राज्याच्या शिक्षण खात्याचे परफॉर्मन्स रिपोर्ट काढा आणि त्यांत ‘स्टुडंट ग्रोथ पर्सेंटाइल’ शोधा. आधी ज्यांचे गुण सारखे होते अशा राज्यभरातल्या मुलांच्या तुलनेत इथली मुलं किती पुढे सरकली, हे त्यातून कळतं, आणि 50 हा त्याचा मध्य आहे. मग शाळेत जाऊन या. आफ्टरकेअर कितीपर्यंत उघडं असतं ते विचारायला विसरू नका.

एक विनंती मंडळातल्या जुन्या मंडळींना. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला किंवा दिवाळीच्या कार्यक्रमात नवं कुटुंब भेटतं आणि विचारतं, ‘घर कुठे घ्यावं?’ आपण ठरलेली तीन गावं आणि त्यांची रेटिंगं ऐकवतो. यापुढे गावाचं नाव घेण्याआधी त्यांनाच विचारू या: तुम्ही दोघं कामाला कुठे जाता, आणि संध्याकाळी किती वाजता घरी असायला हवं? त्यांचं उत्तर आलं की गावाची चर्चा सुरू करता येईल.