खूपपप की खूऽऽप?

मुली हल्ली वहीच्या मागच्या पानावरसुद्धा मोबाइलच्या भाषेत लिहितात. ‘ईद मुबारकककक’, ‘खूपपपप मजा आली’. त्यावर रागावण्यात अर्थ नाही, मैत्रिणीच्या चिठ्ठीला निबंधाचे गुण द्यायचे नसतात. पण शब्द ओढायचाच तर तो कानाला ऐकू येतो तसा ओढावा, एवढे मी त्यांना सांगते.

‘खूप’ हा शब्द मोठ्याने लांबवून पाहा. आवाज ‘खू’वर लांबतो. ‘प’ म्हणताना ओठ मिटतात, आणि मिटल्या ओठांनी काही लांबवता येत नाही. ‘खूपपपप’ वाचताना तर ठेचा लागत जातात. मराठी कथा-नाटकांत यासाठी अवग्रह वापरतात: खूऽऽप, काऽय, अगंऽऽ. संस्कृतात याच खुणेचे काम वेगळे, ‘सोऽहम्’मध्ये ती गळालेला ‘अ’ दाखवते. मराठीने तिला स्वर लांबवण्याच्या कामाला लावले. जे अक्षर लांबते त्याच्याच पुढे ती द्यावी. एक-दोन पुरे, सात-आठ कशाला?

मोबाइलवर अवग्रह शोधावा लागतो. नाहीच सापडला तर पूर्ण स्वर लिहावा: ‘अम्मीईई’, ‘खूऊऊप’. नुसती वेलांटी पुन्हा पुन्हा दाबली तर पुष्कळ मोबाइलवर टिंबांची वर्तुळे उमटतात, कारण वेलांटीला बसायला अक्षर लागते. काही व्यंजने मात्र खरोखर लांबतात, कारण त्यांत हवा वाहती राहते. झोपलेल्या बाळाजवळ आपण ‘श्श्श’ करतोच की!

उर्दूत अलिफ, वाव, ये ही अक्षरे वाढवून हेच साधते. अक्षराची रेघ लांब ओढतात तो कशीदा. तो डोळ्यांसाठी असतो, कानांसाठी नाही. ‘आ’च्या अलिफवर जी मद असते, त्या शब्दाचा अर्थच मुळी ओढणे, लांबवणे. मक्तबात मुले मद बोटांवर मोजायला शिकतात. साधी मद दोन हरकतींची, तर सूरह फातिहाच्या शेवटच्या शब्दातली सहा हरकतींची. तिथे लांबी मोजून असते, मनाच्या लहरीवर नसते.

कारणही तसेच आहे. ‘अल्लाहु अकबर’ म्हणताना ‘ल्ला’ लांबवतात, पण सुरुवातीचा ‘अ’ लांबवून ‘आल्लाहु’ केला तर ते विधान न राहता प्रश्न होतो. ‘अकबर’चे ‘अकबार’ केले तरी अर्थ बिघडतो. अजान देणाऱ्याला उस्ताद हे आधीच बजावतात. घरच्या निरोपांत मात्र कोणी बजावत नाही. दुआच्या खाली एक जण ‘अमीन’ लिहितो, दुसरा ‘आमीनननन’. ‘आमीन’ म्हणजे दुआ कबूल व्हावी, आणि ‘अमीन’ म्हणजे विश्वासू माणूस. एका कान्याचा फरक! ‘दीन’ आणि ‘दिन’ यांचेही तेच. म्हणून माझे मत असे, की मजा ओढा, मुबारक ओढा, पण अल्लाहचे नाव, आयत आणि दुआ यांना हात लावू नका. ‘या अल्लाहहह’ लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते हे खरे, तरी ते डोळ्यांना खुपते.

बाकी घरात ही ओढ फार कामाची आहे. वसतिगृहातल्या मुलीने ‘बरं’ एवढेच लिहिले की अम्मीला वाटते, नाराज दिसते. ‘बरंऽ’ लिहिले की जीव भांड्यात पडतो. उलट ‘येतेऽऽ’ वाचून दादीला वाटते, पोरगी वैतागली. दादीला लिहिताना ‘येते दादी, अर्ध्या तासात’ असे सरळ लिहावे.

आणि परीक्षेत? गोष्टीतल्या संवादात ‘अगंऽ’ आले तर मी गुण कापत नाही. रजेच्या अर्जात ‘कृपयाऽऽ’ आले तर कापते.