गेज्जे वर, हेज्जे खाली

बडोद्याचं नाव निघालं की जुन्या मंडळींना सयाजीराव महाराज आठवतात. १८८० साली त्यांचं लग्न तंजावरच्या मोहिते घराण्यातल्या लक्ष्मीबाईंशी झालं आणि नवरीबरोबर तिकडच्या नर्तकीही बडोद्याला आल्या. दाक्षिणात्य नृत्याला तिथे राजाश्रय मिळाला. आज तिथल्या विद्यापीठात भरतनाट्यम् हा पदवीचा विषय आहे.

मात्र दरबारातल्या त्या ठेक्याखाली कुणाचं बिऱ्हाड नव्हतं. आता बडोदा काय, बेळगाव काय, वाडे जाऊन अपार्टमेंट आली. नाचणाऱ्या मुलीची जमीन म्हणजे खालच्या आजोबांचं छत! ‘तैया तै’ सुरू झालं की आजोबांची दुपारची झोप मोडते. मग जिन्यात बोलणं बंद होतं.

गंमत अशी की, आजोबांना घुंगरं, म्हणजे कन्नड घरांतली गेज्जे, फारशी ऐकू येत नाहीत. ऐकू येते ती हेज्जे, पावलांची धप्प. घुंगरांचा नाद हवेतून जातो, त्याला स्लॅब अडवतो. पाय मात्र थेट स्लॅबवरच पडतो आणि अख्खा स्लॅब ढोलासारखा थरथरतो. ही थरथर भिंतींतूनही उतरते. म्हणून खिडक्या लावून उपयोग होत नाही.

हे मोजण्याची रीत आहे. वरच्या खोलीत पाच हातोड्यांचं यंत्र ठेवतात. प्रत्येक हातोडा अर्ध्या किलोचा, चार सेंटिमीटरवरून पडणारा. सेकंदाला दहा ठोके. आवाज मोजायचा तो खालच्या खोलीत. आकडा जितका कमी, तितका मजला चांगला. पण या यंत्राची टकटक चपलांच्या आवाजाशी जुळते, अनवाणी पावलांच्या किंवा पळणाऱ्या मुलांच्या धपधपीशी नाही. म्हणून जपान-कोरियात अडीच किलोचा रबरी चेंडू एक मीटरवरून टाकूनही मोजतात. दक्षिण कोरियात तर २०२२ पासून नव्या इमारतींच्या मजल्यांची बांधकाम संपल्यावर चाचणी घेतात. आपल्याकडे फ्लॅटची किल्ली देताना रंग, नळ, फरशी दाखवतात. मजला कुणी वाजवून दाखवत नाही.

सतरंजी अंथरली की टकटक कमी होते, धप्प फारशी नाही. तिला जाड स्लॅब हवा आणि त्यावर ‘तरंगती’ जमीन: मध्ये लवचीक थर, वर भिंतींना न टेकणारा वेगळा काँक्रीटचा थर. हे बांधतानाच करायचं काम आहे, नंतर ते अवघड आणि खर्चाचं होतं.

तेव्हा वाचकहो, खालच्यांनी ‘मुद्दाम आपटतात’ म्हणू नये आणि वरच्यांनी ‘सतरंजी घातली आहे ना’ म्हणून हात झटकू नयेत. दोष बहुतेक वेळा दोघांच्या मधल्या स्लॅबचा असतो. आजोबांची झोप कधी आणि मुलीचा सराव कधी, हे एकदा चहा घेत ठरवावं. नवं घर घेणाऱ्यांनी मात्र बिल्डरला विचारावं, ‘फरशीखाली काय घातलंय?’ विचारणारे वाढले, तर बांधणारेही सुधारतील.